वाढत्या मुलांना कापसाची गादी की फोमची?

तापीकाठ (चोपडा)
मुलीला दहावं लागलं, जुनी गादी आखूड पडायला लागली. जळगावात ज्या दुकानात जावं तिथे एकच पालुपद, 'वाढत्या वयाला मेमरी फोमच घ्या, ऑर्थोपेडिक आहे.' मला हे अजिबात पटत नाही. मेमरी फोम अंगाच्या उबेनं मऊ होतो आणि अंगाला चिकटून बसतो, हवा खेळायला जागाच राहत नाही. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो, मध्यरात्रीही भिंती धग सोडतात. घामानं भिजलेलं पोर झोपणार कसं? सहा ते बारा वर्षांच्या मुलांना 9 ते 12 तास झोप लागते. गादीनं तीच मोडली तर ऑर्थोपेडिकच्या लेबलाला काय करायचं? कापसाच्या मुलखात आपण राहतो. नवा कापूस, चार इंची घट्ट भरलेली गादी, दोन-तीन वर्षांनी पुन्हा पिंजून. वाढत्या मुलांना हेच योग्य आहे.

भुसावळकर
नवा कापूस मिळतो कुठे, तापीकाठ? खोळीच्या तोंडाशी पांढराशुभ्र कापूस दाखवतात, आत चिंध्या पिंजून केलेला माल. वर्ष सरत नाही तोच मधोमध खड्डा. पोर रोज त्या खड्ड्यात कमरेत वाकून झोपतं, ते चालतं? मेमरी फोम नको, मान्य. पण साधा चांगला फोम किंवा रबराइज्ड काथ्या, म्हणजे रबरानं बांधलेला नारळाचा काथ्या, आहेच की. काथ्यातून हवाही खेळते. फोम घेताना डेन्सिटी विचारा. 40 डेन्सिटी म्हणजे घनमीटरला 40 किलो माल. डेन्सिटी जास्त म्हणजे गादी कडक, असं मात्र नाही. ती टिकते किती, ते डेन्सिटीवरून कळतं. कडक-मऊ हे झोपूनच बघायचं.

जुना शहादेकर
इतला खर्च कसाले? आम्ही धाब्यावर, म्हणजे घराच्या मातीच्या गच्चीवर, गोधडी टाकून वाढलो, पाठी ताठ आहेत. पोरांना कडक अंथरुणाची सवय हवी. मऊ गादीनंच कुबड येतं.

धुळ्याची आई
काका, मान राखून सांगते, कडक तेवढं चांगलं हे खरं नाही. स्पेनमध्ये कंबरदुखीच्या 313 रुग्णांवर केलेला अभ्यास 2003 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला होता. कडक गादीपेक्षा मध्यम कडक गादीवर त्यांचं दुखणं जास्त कमी झालं. ते सगळे मोठे होते, म्हणून मुलांना तो जसाच्या तसा लावायचा नाही. पण 'दगडावर झोपा' याला आधार राहत नाही. आणि वाढत्या वयात कणा बाजूला वाकतो, तो आजार गादीमुळे होत नाही. तशी शंका आली तर गादी बदलत बसू नका, डॉक्टरांना दाखवा.

मी असं बघते: मुलाला कुशीवर झोपवायचं आणि पाठीमागे बसून मानेपासून माकडहाडापर्यंत बोट फिरवायचं. रेघ सरळ हवी. कंबर खाली लोंबली तर गादी मऊ. खांदा जराही रुतत नसेल आणि कमरेखालून हात आरपार जात असेल तर फार कडक. वर्षाखालच्या बाळाला मात्र हा हिशोब लावू नका. त्याला घट्ट, सपाट गादीच हवी, आणि उशी नको.

कापसाला माझा विरोध वेगळ्या कारणानं. माझ्या मुलाला दमा आहे. धुळीतले बारीक किडे गादीत घर करतात. उन्हात टाकून किडे मरतात, पण त्यांची घाण आतच राहते आणि ॲलर्जी त्या घाणीची असते. कापसाची गादी धुता येत नाही. आम्ही फोमच्या गादीला चारी बाजूंनी बंद होणारी चेनची खोळ घातली. चादर दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुते.

तापीकाठ (चोपडा)
ताई, दम्याच्या मुलाला तुम्ही केलंत तेच बरोबर. पण तशी खोळ कापसाच्या गादीलाही बसते, आणि सगळ्याच मुलांना दमा नसतो. भुसावळकर, खड्डा पडतो तो मालानं आणि विरळ टाक्यांनी. कापूस स्वतः जिनिंगवरून, म्हणजे सरकी काढतात त्या कारखान्यातून, आणायचा, सरकीचे तुकडे आणि काडीकचरा निवडायचा, गादी समोर बसून भरून घ्यायची. सिंगलला आठ-दहा किलो लागतो. दाभणानं टाके जवळजवळ घालायला लावायचे. आमच्याकडे पिंजणारे अजून दारावर येतात, त्यांच्या हाताला काम मिळतं, हेही मी धरतो.

भुसावळकर
चोपड्याला येत असतील. आमच्या कॉलनीत कित्येक वर्षांत कोणी फिरकलं नाही. शिवाय दहा किलोची गादी तिसऱ्या मजल्यावरून गच्चीवर उन्हाला नेणार कोण? नोकरी करणाऱ्या घरात ती पलंगावरून हलतच नाही, मग तिचे गोळे होतात. मी मुलाला दुकानात घेऊन गेलो, चप्पल काढून पंधरा मिनिटं कुशीवर पडायला लावलं, आणि पाच इंची काथ्याची घेतली, वर फोमचा पातळ थर असलेली. तुमची मुलगी कोणत्या गादीवर शांत झोपते ते तिलाच विचारलंत का?

तापीकाठ (चोपडा)
विचारलं. तिला आजीच्या कापसाच्या गादीवर झोप लागते. येत्या आठवड्यात तिच्या मापाची भरायला टाकतोय.