बाबांना कूपे हवी, आईला बसता यायला हवं : बजेट 15 लाख, मुक्काम बेळगाव. मदत हवी आहे

मंडळी, नमस्कार.

बाबांना कूपे, म्हणजे मागे उतरत्या छपराची, बहुधा दोन दारांची गाडी हवी आहे. सहकारी बँकेतून निवृत्त झालेला, आधी स्कूटर आणि मग वॅगन-आर चालवलेला माणूस वयाच्या 67व्या वर्षी म्हणतोय, "मागनं उतरत आलेल्या छपराची गाडी पायजे. म्हाताऱ्याची गाडी नको." हे खूळ आजचं नाही. 2003 साली मारुतीने झेनची दोन दारांची कार्बन आणि स्टील अशी मोजकी मॉडेलं काढली होती. आमच्या शाळा आणि घराचे हप्ते यांत ती राहून गेली. तिचं कात्रण अजून त्यांच्या विम्याच्या फायलीत आहे. आता भाऊ बेंगळुरूला, मी पुण्यात. दोघांनी मिळून त्यांना नवी गाडी घेऊन द्यायची असं ठरलंय.

बजेट ऑन-रोड 15 लाख. फार ताणलं तर 16. ऑटोमॅटिकच हवी. घर हिंदवाडीत, गल्ली अरुंद, गेटात एकच गाडी मावते. गावातला वापर म्हणजे भाजी, दवाखाना, शहापूरला काकूंकडे, एवढाच. खरी पळणार हायवेला. माझ्याकडे पुण्याला येणं-जाणं असतं, म्हणजे एका बाजूने साडेतीनशेच्या आसपास किलोमीटर. मधे कोल्हापूरला मावशीकडे थांबणं ठरलेलं. वर्षातून एकदा पंढरपूर, आणि मामा गोव्यात असल्यामुळे चोर्ला घाट. पावसाळ्यात चोर्ल्याची काय दशा असते ते इथल्या लोकांना सांगायला नको.

आईच्या एका गुडघ्याची वाटी बदलली आहे. वॅगन-आरमध्ये ती आरामात बसते कारण सीट उंच आहे. बाबांनी फोनवर एक लालभडक दोन दारांची परदेशी गाडी दाखवली तेव्हा ती म्हणाली, "बसायला येत नसलं तर रंगाला काय चाटायचंय?"

आतापर्यंत मी जे शोधलं ते असं. दोन दारांची, लांब प्रवासाची खरी ग्रँड टूरर आपल्याकडे आवाक्यात नाहीच. फोर्डने 2016 साली मस्टँग आणली तेव्हाच किंमत 65 लाख होती, आणि आता तर फोर्डच इथे नाही. बीएमडब्ल्यूची 2 सिरीज ग्रान कूपे चार दारांची आहे, पण ती आमच्या बजेटच्या जवळपास तिप्पट. म्हणून गाडी येऊन थांबली ती उतरत्या छपराच्या चार दारवाल्यांवर : टाटा कर्व्ह, सिट्रोएन बसाल्ट, आणि सेडानमध्ये ह्युंदाई वर्ना किंवा फोक्सवॅगन व्हर्टस.

विचारायचं आहे ते हे. यातली कुठली बाबांना शोभेल आणि आईला सोसेल? डिझेल घ्यावं का? आणि तिसरं, कोल्हापूरचा मावसभाऊ म्हणतोय की माझ्या पत्त्यावर एमएच-09 पासिंग करा, कर्नाटकापेक्षा टॅक्स कमी पडतो. हे कितपत खरं?

*

खानापूरचा मेस्त्री :

ताई, बाबांना आधी माझा नमस्कार सांगा. 67व्या वर्षी असली हौस धरणारा माणूस दिसला की बरं वाटतं.

ग्रँड टूरर या जातीच्या गाडीचं काम काय असतं ते बघा : दोन माणसं, त्यांच्या बॅगा आणि दिवसभराचा रस्ता. माणसं न दमता पोचली पाहिजेत आणि गाडी उभी असली तरी लोकांनी वळून बघितलं पाहिजे. मागच्या दोन सीट बहुतेक नावालाच. तुमचं गिऱ्हाईक पण नेमकं तसंच आहे, दोन माणसं आणि लांबचा पल्ला. तेव्हा दार दोन की चार यात अडकू नका. उलट दोन दारवाल्या गाडीचं दार लांब असतंय, ते तुमच्या गल्लीत भिंतीला लागणार आणि पुरतं उघडणारच नाही. अर्धवट उघडलेल्या दारातनं वाटी बदललेला गुडघा बाहेर काढून बघा म्हणावं.

आता आईंचं. शोरूमला जायच्या आधी घरी एक काम करा. वॅगन-आरच्या सीटची जमिनीपासूनची उंची टेपने मोजा, आई बसलेल्या असताना. गादी दबते म्हणून तसं सांगतोय. तीच टेप खिशात घालून शोरूमला जा. बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा वर गेले की उठताना सगळा भार गुडघ्यावर येतो. सेडानमध्ये तेच होणार. वर्ना चालवायला झकास आहे, टर्बोला 160 पीएस ताकद, डिकी 528 लिटरची. व्हर्टसचं 1.5 टीएसआय तर हायवेला मऊ लोण्यासारखं पळतं. खरं दोन्हींत खाली उतरून बसायचं आणि वर चढून उठायचं. तुम्ही-मी तिशी-चाळिशीत ते हसत करू, आईंना रोज नको.

दुसरं बघायचं म्हणजे दाराखालची पट्टी किती रुंद आहे. ती रुंद असली की साडी नेसलेल्या बाईला पाय लांब टाकावा लागतो आणि चिखलाच्या दिवसांत निऱ्या तिथेच पुसल्या जातात. हे कुठल्याही रिव्ह्यूत सांगत नाहीत.

उरल्या कर्व्ह आणि बसाल्ट. ग्राउंड क्लिअरन्स (गाडीचं पोट रस्त्यापासून किती वर ते) कर्व्हचा 208 मिलिमीटर, बसाल्टचा 180. चोर्ल्याला कर्व्ह जास्त बिनधास्त जाईल, खरं बसाल्टचं सस्पेन्शन खड्डे फार शांतपणे गिळतं. बसाल्टच्या वरच्या मॉडेलमध्ये मागच्या सीटची बैठक पुढून वर उचलता येते, मांडीला आधार मिळतो. पुण्याहून तुम्ही आलात की आई मागे बसणार असतील तर हे कामाचं आहे. सुरक्षेत कर्व्ह पुढे : भारत एनकॅपच्या धडक-चाचणीत कर्व्हला 5 तारे, बसाल्टला 4. एअरबॅगा दोन्हींत सहा.

डिझेल घेऊ नका. कर्व्हचं 1.5 डिझेल हायवेला दमदार आहे यात वाद नाही. पण धूर गाळणारा जो डीपीएफ असतो तो साफ व्हायला गाडी अधनंमधनं गरम होऊन सलग पळायला लागते. हिंदवाडी ते शहापूर असल्या फेऱ्यांत तो तुंबतो. मधे दोन महिने पुण्याला जाणं झालं नाही तर डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागलाच म्हणून समजा.

*

निपाणीकर :

मावसभावाचं गणित बरोबर आहे, सल्ला चुकीचा आहे.

12 लाख एक्स-शोरूमची (रस्ता कर आणि विमा धरायच्या आधीची किंमत) पेट्रोल गाडी धरू. कर्नाटकात 10 ते 20 लाखांच्या टप्प्याला आजीव कर 17 टक्के, आणि त्या करावर 11 टक्के उपकर. म्हणजे 2,26,440 रुपये. महाराष्ट्रात त्याच गाडीला 12 टक्के, 1,44,000. फरक 82 हजारांचा. आमच्या निपाणीत हा हिशोब चहाच्या टपरीवरच्या पोरालाही तोंडपाठ आहे, एवढ्या एमएच-09 गाड्या इकडे फिरतात.

पण गाडी राहणार कुठे? बेळगावात. मोटार वाहन कायद्याच्या कलम 47 प्रमाणे दुसऱ्या राज्यात 12 महिन्यांच्या वर गाडी ठेवली की तिथला नंबर घ्यावा लागतो. मग कोल्हापूरहून एनओसी (ना-हरकत पत्र) आणा, इथे पुन्हा कर भरा, आणि तिकडचा उरलेला कर परत मिळावा म्हणून अर्ज करत बसा. तुमचे बाबा बँकेतले आहेत, कागद त्यांना जमतील, खरं निवृत्तीनंतर कुणी हे काम हौसेने मागून घेत नाही. शिवाय खोटा पत्ता लावून पासिंग म्हणजे उद्या विम्याचा क्लेम आला की तिथे प्रश्न निघणार. केए-22, म्हणजे बेळगावचाच नंबर घ्या आणि शांत झोपा.

पैसे वाचवायचेच असतील तर टप्प्याच्या काठावर बघा. 10 लाखांपर्यंत कर 14 टक्के आहे. 9.90 लाखांच्या गाडीला उपकरासकट 1,53,846 पडतात, 10.10 लाखांच्या गाडीला 1,90,587. गाडी 20 हजारांनी महाग, कर जवळपास 37 हजारांनी. तुमच्या ऑटोमॅटिकला हे लागू पडेलसं वाटत नाही, पण धागा वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला उपयोग होईल.

आणि शोरूमवाला "जीएसटी कमी झालाय" म्हणून 18 टक्क्यांचं गाणं लावेल. 22 सप्टेंबर 2025 पासून 18 टक्के आहे ते चार मीटरच्या आतल्या छोट्या गाड्यांना. कर्व्ह, बसाल्ट, वर्ना सगळ्या चार मीटरच्या वर, त्यांना 40. आधी सेस धरून याहून जास्त होता, तेवढी घट झाली आहे एवढंच.

*

चार्जिंग पॉइंट :

इलेक्ट्रिकचा विचार का नाही? घरचं गेट आहे, चार्जर बसेल. महिंद्राची बीई 6 बघा, बाबा खूश होतील. कर्व्ह पण इलेक्ट्रिकमध्ये आहे.

*

खानापूरचा मेस्त्री :

बीई 6 नोव्हेंबर 2024 ला आली तेव्हाच 18.90 लाखांपासून होती, बजेट फुटलं. आणि कोल्हापुरात चार्जिंगला थांबून मावशीकडे जेवण होईल हे ठीक, पण चार्जर बंद दिसला की 67व्या वर्षी तो ताण कशाला?

*

धागाकर्ती :

सगळ्यांचे खूप आभार. शनिवारी बेळगावला आले आणि टेप घेऊन खरंच गेलो. सेल्समन आधी हसला, मग दुसऱ्या गाडीपाशी स्वतःच टेप धरायला आला.

वर्नात आई बसली. बसली म्हणजे पडली. उठताना बाबांचा हात धरायला लागला, तिथेच सेडान बाद. बाबा एक शब्द बोलले नाहीत, पण दार लावून घेताना त्यांनी बोनेटवरून हात फिरवला.

कर्व्ह समोर आली आणि बाबा पोरासारखे खूश. मागून बघितली की खरंच देखणी आहे. पण दाराची हँडलं पत्र्यात चपटी बसवलेली. एका टोकाला दाबायचं, दुसरं टोक बाहेर येतं, मग ते धरून ओढायचं. आईच्या एका हातात पिशवी, अंगठ्यात संधिवात. दोनदा हँडल सुटून परत आत गेलं. तिसऱ्यांदा उघडल्यावर म्हणाली, "हिला आधी विनवायला लागतंय." आत बसणं मात्र उत्तम, टेपवर वॅगन-आरच्या जवळपास. मागच्या सीटवर भाऊ बसला (सहा फूट आहे), तर म्हणाला, "गाडी भारी हाय खरं माझं डोकं आपटालंय."

बसाल्टची हँडलं साधी, ओढायची. सीट कर्व्हपेक्षा किंचित खाली, तरी आई कुणाचा हात न धरता उतरली. मागे भावाचं डोकं लागलं नाही याचं आम्हाला नवल वाटलं, छप्पर तर हिचंही उतरतं आहे. टर्बो पेट्रोल, सहा गियरचा टॉर्क कन्व्हर्टर (ऑटोमॅटिकचाच एक प्रकार). बाबांनी हायवेला काकतीपर्यंत नेली. येताना एका ट्रकला ओव्हरटेक केल्यावर माझ्याकडे बघितलं, तेव्हाच मला निकाल कळला. मागच्या काचेतून मात्र फार कमी दिसतं, गल्लीत रिव्हर्स घेताना कॅमेऱ्यावरच भिस्त. आतलं प्लास्टिक किमतीच्या मानाने साधं आहे. बाबांना ते दिसलं नाही किंवा दिसूनही त्यांनी काही म्हटलं नाही.

आता आई बसाल्ट म्हणते. बाबा कर्व्हच्या मागच्या बाजूचे फोटो बघत बसलेत. पासिंग केए-22 हे मात्र नक्की, मावसभावाला कळवलं. सिट्रोएनची सर्व्हिस हा एकच किडा डोक्यात आहे.

*

निपाणीकर :

तो किडा बरोबर आहे. टाटाचं वर्कशॉप तालुक्यागणिक सापडतं, सिट्रोएनचं जाळं देशातच लहान आहे. बुकिंगच्या आधी दोन गोष्टी करा. तुमच्या गाडीची सर्व्हिस नेमकी कुठल्या गावात होणार ते विचारा, आणि त्या वर्कशॉपमध्ये स्वतः जाऊन बंपर, काच आणि साइड मिरर यांचा स्टॉक आहे का, नसला तर किती दिवसांत येतो, हे काउंटरवर विचारून घ्या. शोरूममधल्या माणसाला विचारू नका, तो "उद्या" म्हणणार. तिथेच सर्व्हिसला आलेले एक-दोन गाडीवाले भेटले तर त्यांच्याशी बोला. उत्तर समाधानाचं आलं तर आईंचं ऐका. नाही आलं तर कर्व्ह घ्या, आणि पहिले काही दिवस दार बाबांना उघडू दे.

*

खानापूरचा मेस्त्री :

निपाणीकरांना अनुमोदन. कुठलीही घेतलीत तरी पैसे भरायच्या आधी गाडी यार्डात जाऊन उन्हात बघा, ट्यूबलाइटखाली नको. गाडी कुठल्या महिन्यात बनली ते चासी नंबरवरून विचारून घ्या. जुन्या वर्षाचा माल असला तर सूट मागा, लाजू नका. टायरवरची तारीख पण वाचा, चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. आणि सीट कव्हर लगेच चढवू नका. सीटच्या बाजूतून एअरबॅग फुटते, बाजारातलं जाड कव्हर तिला अडवतं.

*

धागाकर्ती :

वर्कशॉपला सोमवारी बाबा स्वतः जाणार आहेत, प्रश्न कागदावर लिहून घेतलेत. बँकेतली सवय. रंगाचं विचारलं तर आई म्हणाली, पांढरा सोडून काहीही चालेल. पांढऱ्या सगळ्या टॅक्स्या असतात.