लिनोवर अक्षरं कोरली तर ते चित्र, की कविता? (नमुना: मारबत)

लिनोवाली_महाल

नमस्कार मंडळी. मी नागपूरची, महालात राहते. शाळेत चित्रकला शिकवते आणि घरी लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर कोरून काढलेले छाप) करते. प्रेस नाही. काचेवर शाई, रोलर, आणि कागद ठेवून स्टीलच्या मोठ्या चमच्याच्या पाठीनं घासणं, एवढाच माझा कारखाना. मे महिन्यात इथे लिनो लोण्यासारखा कापला जातो, पण कूलरच्या दमट हवेत कागद वाकतो आणि शाई चार-चार दिवस वाळत नाही. असो.

दोन वर्षांपासून माझ्या छापांत नुसती अक्षरंच येऊन राहिली आहेत. माझे बाबा इतवारीत एका छापखान्यात जुळारी होते, म्हणजे धातूची सुटी उलटी अक्षरं (खिळे) जुळवून मजकूर लावणारे. त्यांच्या मांडीवर बसून खिळे बघितले, त्यामुळे उलटी अक्षरं मला परकी वाटत नाहीत. तरी चुका होतातच. देवनागरी उलट कोरताना पहिली वेलांटी दुसरीसारखी दिसते आणि दुसरी पहिलीसारखी. 'कि' आणि 'की'च्या भानगडीत दोन ब्लॉक वाया गेले. एक 'ठ' तेवढा सरळमार्गी, आरशातही जवळपास 'ठ'च. म्हणून मी एक अख्खा छाप फक्त 'ठ'चा केला. ओळीमागून ओळी, शाई हळूहळू उडत गेलेली. बाबांच्या ट्रेडल मशीनचा (पायानं चालवायच्या छपाई यंत्राचा) आवाज आहे तो. दुसरा छाप 'पाऊस'. त्यात प, काना, ऊ, स वरून खाली गळताहेत.

इथल्या एका प्रदर्शनाच्या निवड समितीनं दोन्ही परत केले. 'हे लेटरिंग आहे, उपयोजित कलेच्या विभागात द्या.' कवितेच्या एका बैठकीत नेले तर म्हणाले, 'डिझाइन सुरेख, पण कविता कुठे आहे?' दोन्ही दारांतून बाहेर!

आता 'घेऊन जा गे मारबत' कोरायचं मनात आहे. मारबत म्हणजे इडा-पिडा घेऊन जाणारा पुतळा, मिरवून जाळतात; तान्ह्या पोळ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी ही आरोळी ऐकतच मोठी झाले. पण ती ओळ नुसती वाकडीतिकडी कोरली तर पुन्हा लेटरिंगच होईल ना? तुम्ही कसं ठरवता?

तर्री_पोहे

ताई, कविता वाचायची असते. चमच्यानं घासायची नसते. 😄 हे परदेशी फॅड आहे, पन्नास वर्षं जुनं.

कागदकिडा

@तर्री_पोहे, पन्नास नाही, निदान चौदाशे धरा. संस्कृत कवी भारवीच्या किरातार्जुनीयाचा पंधरावा सर्ग काढून बघा. एक श्लोक जवळजवळ नुसत्या 'न'वर उभा आहे, आणि 'सर्वतोभद्र' नावाचा एक असा की चौकटीत मांडला तर उभा-आडवा, उलटा-सुलटा कसाही वाचा, तोच येतो. पद्मबंध, खड्गबंध (कमळाच्या, तलवारीच्या आकारात मांडलेले श्लोक) हे प्रकार आपल्याकडे नीट नावं देऊन ठेवलेले आहेत. आता काव्यशास्त्रकार मम्मटानं अशा चित्रकाव्याला सगळ्यात खालची पायरी दिली, हे खरं. म्हणजे ताईंना परत पाठवणारी समितीसुद्धा परंपरेतलीच आहे म्हणायची.

आता ताई, तुमच्याबद्दल. स्पष्ट बोलतो, राग नको. 'पाऊस' मला पटला नाही. शब्द पाऊस म्हणतो आणि अक्षरंही पाऊसच पाडतात. एकच गोष्ट दोनदा सांगितली. 'ठ' मात्र वेगळा. तो वाचता येत नाही, ऐकू येतो, आणि शाई उडत जाते तसं मशीन लांब जातं. ते शब्दांत लिहिलं असतंत तर बाबांवरची एक साधी आठवण झाली असती.

ऑयगेन गोमरिंगर नावाचा कवी होता, जन्म बोलिव्हियाचा, वास्तव्य युरोपात. त्याची १९५० च्या दशकातली एक कविता आहे. 'मौन' या अर्थाचा एकच शब्द, तीन स्तंभ, पाच ओळी. पंधरा वेळा यायला हवा, येतो चौदा वेळा. मधल्या ओळीतली मधली जागा कोरी. मौन तिथे आहे, बाकीचे चौदा शब्द नुसते भिंती. हा अशा कवितेचा, म्हणजे काँक्रीट कवितेचा, खरा कस. मांडणी काढून घेतली तर अर्थच नाहीसा झाला पाहिजे.

आणि तुमच्या माध्यमात तर ही गोष्ट हाताशीच आहे. लिनोवर तुम्ही जे कोरता ते छापलंच जात नाही. छापलं जातं ते न कोरलेलं. म्हणजे तुमच्या हातानं तयार होते ती फक्त कोरी जागा. शाईनं लिहिणाऱ्या कवीला हे सुख नाही.

जाता जाता, वर्कमन बघा. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगनचा छापखानेवाला. मोठा धंदा बुडाल्यावर एका गोदामाच्या माळ्यावर हातप्रेस घेऊन बसला आणि लाकडी टाइप, कधी टाइपची मागची बाजू, कधी थेट रोलर कागदावर फिरवून छाप काढू लागला. त्याच्या छापांत अक्षर कधी भिंत होते, कधी खिडकी. एप्रिल १९४५ मध्ये, गाव मुक्त व्हायला काही दिवस असताना, नाझींनी त्याला गोळ्या घातल्या. आपल्याकडे र. कृ. जोशी. विंडोजमधला मंगल फॉन्ट त्यांचा हे पुष्कळांना माहीत असतं, पण त्यांनी मराठीत अक्षरांच्याच कविता केल्या हे विसरलं जातं. सुलेखनकार, टाइप डिझायनर, कवी. त्यांना कोणत्या विभागात टाकणार?

तर्री_पोहे

बरं बाप्पा, चौदाशे तर चौदाशे. मारबतीचं काय करता ते सांगा.

जुळारी

बाई, तुमचे बाबा जुळारी होते म्हणता म्हणून लिहून राहिलो. मी बी तेच केलं, ऑफसेट छपाई येईस्तोवर. नातू टाइप करून देते, मी सांगतो.

या कागदकिडा भाऊनं कोऱ्या जागेचं सांगितलं ते आमच्याकडे वेगळं होतं. खिळ्यांत कोरी जागा फुकट भेटत नव्हती. दोन शब्दांमधी स्पेस घाला, ओळ भरली नाई तर क्वाड (कोऱ्या जागेचा मोठा तुकडा) घाला. छापत नाई, पण वजन आहे त्याले. जे कागदावर दिसत नाई ते बी हातानं उचलून ठेवा लागे.

दुसरी गोष्ट. छापून झालं की फर्मा (जुळवून बांधलेला मजकूर) सोडायचा. ओळ डाव्या हातावर घ्यायची आणि उजव्या टोकाकडून एक एक खिळा आपापल्या खणात टाकत जायचं. मजकूर शेवटाकडून कमी कमी होत जाते. कोणाची लग्नपत्रिका, कोणाची शोकपत्रिका, सगळी अशीच जायची. मले ते पाहाले लय आवडे. कधी कधी अर्ध्यात भलताच शब्द उरे आणि हसू येई. तुम्ही मारबतीची ओळ अशी सोडून पाहा ना. लिनोवर एक छाप काढा, शेवटचं अक्षर कोरून टाका, पुन्हा छाप काढा.

लिनोवाली_महाल

काका, तुमचं वाचून त्याच रात्री कागदावर करून बघितलं आणि झोप उडाली. लिहिते एकाखाली एक:

घेऊन जा गे मारबत
घेऊन जा गे मारब
घेऊन जा गे मार
घेऊन जा गे मा
घेऊन जा गे
घेऊन जा
घेऊन
घेऊ
घे

बघा, तिसऱ्याच पायरीला 'मार' आला. मग घेऊन, मग 'घेऊ?' असं विचारल्यासारखं, आणि शेवटी 'घे'. वर्षभराची इडा-पिडा तिच्या गळ्यात टाकून जाळायला निघालो होतो, तिनं परत हातावर ठेवली. मी एक अक्षरही नवीन लिहिलं नाही.

कागदकिडा

अंगावर काटा आला. ब्लॉक एकच वापरा. दुसरा कोरलात तर मजा जाईल.

लिनोवाली_महाल

एकच वापरला. तीन आठवडे लागले. आधीच ठरवावं लागलं की प्रत्येक पायरीच्या किती प्रती, कारण अक्षर गेलं की गेलं. बारा प्रती धरल्या. नऊ पायऱ्यांचे १०८ कागद झाले, जपमाळ करायची नव्हती तरी! कागद दरवेळी त्याच जागी बसावा म्हणून पुठ्ठ्याची कोपरी चिकटवली. तरी पाचव्या पायरीचे चार कागद सरकले.

एक गोष्ट ठरवून केली नव्हती. अक्षर कोरून टाकलं तरी गाऊजच्या (कोरायच्या हत्याराच्या) दोन चऱ्यांमध्ये बारीक धारा उभ्या राहतात, त्यांना शाई लागते. त्यामुळे 'त' गेला, पण त्याच्या जागी करड्या रेघांचा डाग राहिला. शेवटच्या छापात एका कडेला काळाकुळकुळीत 'घे' आणि पुढे आठ ठिकाणी अशा खरचटलेल्या जागा. आधी वाटलं, साफ करावं. मग राहू दिलं.

आता ब्लॉकवर 'घे' तेवढा उभा आहे. तोही कोरून शेवटचा छाप अक्षराशिवाय काढावा, असं एक मन म्हणते. तुमचं काय मत?

कागदकिडा

मला तो दहावा कागद हवासा वाटतो, पण खात्री नाही. गोमरिंगरनंही भिंती ठेवल्या होत्या.

जुळारी

'घे' कोरू नका बाई. एका कागदावर नुसता तोच छापा आणि त्या समितीले पाठवून द्या.