शब्दचर्चा : दृढीकरण, कन्फर्मेशन आणि 'वेटिंग लिस्ट'

वाडीवरची :
मी वसईत राहते. रविवारी मिस्सानंतर (चर्चमधल्या उपासनेनंतर) नववी-दहावीच्या मुलांना धर्मशिक्षण देते. यंदाची तुकडी दृढीकरणाची आहे, म्हणजे बाप्तिस्म्यानंतरच्या 'कन्फर्मेशन' या संस्काराची. परवा एका मुलाने विचारलं, "टीचर, म्हणजे बाप्तिस्मा झाला तेव्हा आम्ही वेटिंगवर होतो आणि आता तिकीट कन्फर्म होणार, असंच ना?" वर्ग खो-खो हसला. मीही हसले. घरी आल्यावर मात्र जाणवलं की त्याला खोडून काढायला माझ्याकडे नीट उत्तर नव्हतं.
मग फळ्यावर लिहिलेला शब्द आठवला. मी 'दृढीकरण' लिहिलं होतं, आणि एका मुलीने लगेच सांगितलं की बाहेरच्या नोटिशीत 'दृढिकरण' आहे. त्याच नोटिशीत 'दृढिकरणाच्या उमेदवारांनी पालकांसह हजर राहावे' असंही आहे. उमेदवार! जणू ग्रामपंचायतीची निवडणूक.
तर जाणकारांनो, वेलांटी कोणती, आणि या शब्दाचा नेमका अर्थ काय? शिवाय आपण 'दृढीकरण घेतलं' म्हणायचं, 'झालं' म्हणायचं की 'केलं'? वर्गात तिन्ही ऐकू येतात.

तळटीप :
वेलांटी दीर्घच. हा च्वि प्रत्ययाचा मामला आहे. जे आधी तसं नव्हतं ते तसं करणं, याला व्याकरणात 'अभूततद्भाव' म्हणतात. शुक्ल नसलेलं शुक्ल केलं की शुक्लीकरण. पाणिनीच्या 'अस्य च्वौ' (७.४.३२) या सूत्राने शेवटच्या 'अ'चा 'ई' होतो. म्हणून दृढ + करण = दृढीकरण.
'शुद्धिकरण' लिहिणाऱ्याला निदान पळवाट असते, कारण 'शुद्धि' हा स्वतंत्र शब्द आहे आणि शुद्धीचं करण असा समास दाखवता येतो. 'दृढि' असा शब्दच नाही, त्यामुळे इथे पळवाटही नाही.
जाता जाता आणखी एक. 'दृढ' या रूपासाठी पाणिनीने वेगळं सूत्र खर्ची घातलंय : 'दृढः स्थूलबलयोः' (७.२.२०). म्हणजे धष्टपुष्ट आणि बलवान या अर्थी 'दृढ'. तुमच्या नववीच्या पोरांना हे आवडेल.
कन्फर्मेशनच्या पोटात लॅटिन 'फिर्मुस' आहे, म्हणजे भक्कम. त्याचं नातं संस्कृत 'धृ' धातूशी, म्हणजे आपल्या 'धर्म' शब्दाशी जोडतात. 'दृढ' मात्र 'दृह्' धातूचा. दिसायला शेजारी, पण घर वेगळं.

वाडीवरची :
तळटीप, वेलांटीबद्दल आभार, पण तुम्ही मला नव्या अडचणीत टाकलंत. आधी तसं नव्हतं ते तसं करणं म्हणजे बाप्तिस्मा कच्चा होता असं ठरतं. मग त्या पोराचं वेटिंग लिस्टचं म्हणणंच बरोबर की!

तळटीप :
नाही. घराची भिंत दृढ केली म्हटल्यावर आधी भिंत नव्हती असं कुणी समजत नाही. नव्हता तो दृढपणा. तिकिटाचं उलट आहे. वेटिंगवाल्याकडे जागाच नसते.
खरा घोळ आपल्या रोजच्या मराठीतल्या 'कन्फर्म'चा आहे. तिकीट कन्फर्म, हॉटेल कन्फर्म, 'येतोयस ना, कन्फर्म सांग', नोकरीत प्रोबेशन संपून कन्फर्म. या सगळ्यात 'नक्की करणं' किंवा 'कायम करणं' एवढाच अर्थ उरलाय. 'बळकट करणं' गळून गेलंय.

जुनं खोड :
व्याकरण वाचून डोकं गरगरलं, पण वाडीवरची ताईंच्या प्रश्नाचं उत्तर बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात आहे. आठवा अध्याय. शोमरोनातल्या लोकांचा बाप्तिस्मा झालेला होता. येशूचे शिष्य पेत्र आणि योहान यरुशलेमहून तिथे गेले, त्यांनी त्यांच्यावर हात ठेवले, आणि त्यांना पवित्र आत्मा मिळाला. बाप्तिस्मा रद्द नाही, अर्धवट नाही, पण त्यानंतर आणखी काहीतरी दिलं गेलं. आजही साधारणपणे बिशप येऊनच हा संस्कार देतात, त्यामागे हेच आहे. प्रेषितांचे वारस ते.
आता आमच्या वेळची गंमत. मी साठच्या दशकातला. वय असेल आठ-नऊ. आमच्या आळीत अफवा होती की बिशप थोबाडीत मारतात. आम्ही दोघे भाऊ आदल्या रात्री झोपलो नाही. प्रत्यक्षात कपाळावर तेल लावल्यावर बिशपांनी गालाला दोन बोटं लावल्यासारखी चापटी दिली आणि लॅटिनमध्ये 'पाक्स तेकुम' म्हणाले. तुला शांती असो! चापटी मारून शांती! बाबा म्हणाले, आता तू ख्रिस्ताचा शिपाई, मार खायची सवय हवी. १९७१ साली पोप पॉल सहावे यांनी विधी नवा केला आणि चापटी गेली. आता नुसतं 'तुला शांती असो'. माझ्या नातवाला हे सांगितलं तर म्हणतो, आजोबा, तुम्हाला ट्रॉमा नाही झाला?
आमच्या घरात 'दृढीकरण' शब्द कुणाच्या तोंडी नव्हता, 'कन्फर्मेशन'ही नव्हता. आई सरळ म्हणायची, "बिशप आलेले त्या वर्षी."

कल्याण-कर्जत :
मल्याळी घरात वाढलो, शाळा मराठी. आमच्या मल्याळममध्ये या संस्काराला 'स्थैर्यलेपनम्' म्हणतात. स्थैर्य अधिक लेपन. तमिळमध्येही 'उरुदिप्पूसुदल', म्हणजे दृढता आणि चोपडणं. दोन्ही शब्दांत तेल आहे. मराठी आणि हिंदी 'दृढीकरणा'त तेलाचा थेंब नाही, हे मला नेहमी खटकतं.
आणि तयारीच्या वर्गांबद्दल सांगायचं तर आम्हाला वर्गच नाहीत! आम्ही सिरो-मलबार, म्हणजे केरळातले पौर्वात्य परंपरेचे कॅथलिक. १९८८ पासून कल्याणला आमचा स्वतंत्र धर्मप्रांत आहे. पौर्वात्य परंपरेप्रमाणे आमच्यात बाळाचा बाप्तिस्मा होतो तेव्हाच हे लेपनही होतं. माझ्या मुलीचं झालं तेव्हा ती पाच महिन्यांची होती आणि दुपट्ट्यात झोपली होती. तिला कोण काय 'कन्फर्म' करायला सांगणार?

वाडीवरची :
कल्याण-कर्जत, तुमच्या शेवटच्या वाक्याने माझं काम झालं. आमच्या वर्गात गेली काही वर्षं एक वाक्य फिरतंय : 'बाप्तिस्म्याच्या वेळी आईबाबांनी तुमच्या वतीने हो म्हटलं, आता तुम्ही स्वतः कन्फर्म करायचं.' मीही ते म्हणत आले. ऐकायला छान वाटतं, मुलंही जबाबदार झाल्यासारखी ताठ बसतात. पण मग तुमच्या पाच महिन्यांच्या लेकीचं काय झालं? तिनं काहीच कन्फर्म केलं नाही, तरी तिचा संस्कार पूर्ण आहे.

जुनं खोड :
तेच म्हणतो मी. विधीत मुलं बाप्तिस्म्याच्या वचनांचा पुनरुच्चार करतात हे खरं, पण ते आधी. मग बिशप उमेदवारांवर हात पसरून आत्म्यासाठी प्रार्थना करतात, मग कपाळावर तेल. तेव्हा मुलाच्या तोंडी एकच शब्द असतो, 'आमेन'. करणारा आत्मा आहे.

तळटीप :
मग 'घेतलं, झालं, केलं' हा प्रश्नही सुटला. 'दृढीकरण'मधलं करण दुसऱ्याचं आहे, म्हणून 'माझं दृढीकरण झालं' सर्वांत चोख. 'मुलाचं दृढीकरण केलं' हे आईबाप म्हणतात तेव्हा कार्याचा खर्च आणि जेवणावळ अभिप्रेत असते. 'घेतलं'ला माझा विरोध नाही, दीक्षा घेतो तसं. पण 'मी दृढीकरण केलं' हे चूक. स्वतःच स्वतःला खांद्यावर घेतल्यासारखं.

ओसरी :
मी ख्रिस्ती नाही, भोचकपणाबद्दल क्षमस्व. हे ऐकून आमची मुंज आठवतेय. ठरावीक वय, संस्कार, पाहुणे, नंतर जेवण. तसंच समजायचं का?

जुनं खोड :
शेजाऱ्यांना समजावताना आम्हीही पूर्वी तसंच सांगायचो. पण मुंजीने विद्यार्थिदशा सुरू होते, आमची मुलं वर्ग संपवून दृढीकरणाला जातात. शिवाय मुलींचंही होतं, जात-कूळ नाही. आणि वयाचं म्हणाल तर ते ठरावीक नाहीच. चर्चच्या १९८३ च्या कायद्यात 'समज येण्याच्या वयाच्या सुमारास' असं आहे, आणि निरनिराळ्या देशांच्या बिशप मंडळांना वेगळं वय ठरवायची मुभा आहे. १९१० मध्ये पोप पायस दहावे यांनी पहिल्या कम्युनियनचं (ख्रिस्तशरीर म्हणून दिली जाणारी पवित्र भाकर पहिल्यांदा घेण्याचं) वय सातेक वर्षांवर आणलं. मग कम्युनियन आधी आणि दृढीकरण नंतर, असा क्रम पुष्कळ ठिकाणी रूढ झाला. मूळ क्रम बाप्तिस्मा, दृढीकरण, मग ख्रिस्तशरीर, असा होता. कल्याणवाल्यांचा तोच आहे.

बार्देशकार :
आमच्या आजीच्या तोंडी 'क्रिज्म' होतं. पोर्तुगीज 'क्रिज्मा'. म्हणजे तिच्या शब्दात नुसतं तेलच होतं, दृढपणा नव्हता! कल्याणकरांना बरं वाटेल. ग्रीक 'ख्रिस्मा' म्हणजे माखणं, त्याच धातूतून 'ख्रिस्तोस', म्हणजे ज्याला तेल माखलंय तो. ख्रिस्त, क्रिज्मा, ख्रिश्चन, सगळे एका तेलाचे.
तुमच्या वसईत धर्मपिता-धर्ममातेला पाद्रीन-मादरीन म्हणतात ना अजून? आमच्यात म्हणतात. १७३९ ला पोर्तुगीज वसईतून गेले, पण पाद्रीन राहिला.

वाडीवरची :
राहिला तर! आणि दृढीकरणाला पाद्रीन कोण, यावरून घरोघरी रुसवेफुगवे होतात. बाप्तिस्म्याचाच असेल तर उत्तम, असं चर्चचा कायदा सांगतो. आईबापांना मात्र होता येत नाही. वय सोळा पूर्ण हवं आणि स्वतःचं दृढीकरण झालेलं हवं. गेल्या वर्षी एका मामाचं झालेलंच नव्हतं, हे आदल्या आठवड्यात कळलं. तो मामा परदेशातून तिकीट काढून आला होता. (कन्फर्म तिकीट.)
बरं, तेलाला मी 'अभिषेकाचं तेल' म्हणते. चालेल?

तळटीप :
रूढ आहे, चालेल. तरी 'अभिषेक' हा 'सिच्' धातूचा, त्यात शिंपडणं-ओतणं आहे. पिंडीवरची संततधार डोळ्यांसमोर येते. बिशप तर अंगठ्याने कपाळावर क्रूस रेखतात. त्याला नेमका शब्द 'अभ्यंग'. अभि अधिक अंज्, अंजनातला अंज्. पण 'अभ्यंग' म्हटलं की मराठी माणसाला दिवाळीची पहाट, उटणं आणि मोती साबण आठवतो, त्याला इलाज नाही. व्याकरणाने पाहिलं तर 'ख्रिस्त'चं शब्दशः संस्कृत 'अभ्यक्त' होईल. कुणी वापरू नये, नुसतं सांगून ठेवलं.

कल्याण-कर्जत :
ते तेल नुसतं नसतं. ऑलिव्हच्या तेलात बाल्सम नावाचा सुगंधी डीक मिसळतात आणि पवित्र गुरुवारी किंवा त्याच्या आसपास लॅटिन परंपरेत (म्हणजे रोमच्या, वसईकरांच्या) बिशप ते आशीर्वादित करतात. मुलांना वास घ्यायला द्या. पाठांतरापेक्षा ते लक्षात राहतं.

ओसरी :
'कपाळावर क्रूस' वाचून विचारते, तिथे काय म्हणतात?

जुनं खोड :
मुलाचं नाव घेऊन, पवित्र आत्म्याच्या दानाची मुद्रा स्वीकार, अशा अर्थाचं. हे शब्द १९७१ मध्ये बिझंटाइन, म्हणजे ग्रीक पौर्वात्य चर्चच्या, परंपरेतून घेतले. त्या वेळी पाद्रीनचा उजवा हात मुलाच्या खांद्यावर असतो.

तळटीप :
'मुद्रा' अप्रतिम. 'शिक्का' म्हटलं असतं तर पोस्ट ऑफिस आलं असतं. वारकऱ्याच्या कपाळी गोपीचंदनाची मुद्रा असते, ती कुणाचा आहेस हे सांगते. दुसरीकडे जुन्या मोडी पत्राच्या शेवटी 'मर्यादेयं विराजते' अशी मुद्रा उठवत. पत्र इथे संपलं, यापुढे कुणी भर घालू नये, यासाठी. वाडीवरची, मुलांना पहिली सांगा. दुसरी सांगितलीत तर ती समजतील की दृढीकरण झालं, धर्मशिक्षण संपलं.

वाडीवरची :
ती तसंच समजतात! दृढीकरणानंतरच्या रविवारी बाक रिकामे. आम्ही शिक्षक आपसात त्याला 'निरोप समारंभ' म्हणतो.
'उमेदवार' राहिला. 'दृढीकरणार्थी' कसं वाटतं?

तळटीप :
जीभ अडखळते. 'उमेदवार' ठेवा, तो वाटतो तितका वाईट नाही. निवडणुकीने त्याला बदनाम केलं. 'उमेद' म्हणजे आशा. आणि पूर्वी नोकरीत कायम होण्याआधी बिनपगारी काम शिकणं म्हणजे 'उमेदवारी करणं'. तुमची मुलं वर्षभर तेच करतायत.

बार्देशकार :
आत्म्याची सात दानं पाठ करून घेता का? आम्हाला शेवटच्या दानाशी नेहमी अडायला व्हायचं. 'देवाचं भय' हे दान कसं?

वाडीवरची :
आमचीही गाडी तिथेच अडते. प्रज्ञा, समज, सुमंत्रणा, धैर्य, ज्ञान, भक्ती इथपर्यंत घडाघडा, आणि मग 'भय'. एक मुलगी म्हणाली, भेट म्हणून भीती कोण देतं? मी 'आदरयुक्त भय' म्हणून वेळ मारून नेली.

जुनं खोड :
'धाक' म्हणा. माझ्या बापाने मला आयुष्यात कधी मारलं नाही, पण धाक होता. त्यांना वाईट वाटेल असं वागायला हात धजत नसे. ही दानं बायबलमधल्या यशया संदेष्ट्याच्या पुस्तकातली. त्याच्या अकराव्या अध्यायात मूळ हिब्रूत दानं सहाच आहेत, भयाचा उल्लेख दोनदा आहे. ग्रीक भाषांतरात त्यातल्या एका जागी भक्ती आली आणि सात झाली. म्हणजे भक्ती आणि धाक मुळात एकाच शब्दाच्या पोटात होते.

ओसरी :
खोडकाका, हे फार आवडलं. आमच्याकडे 'देवाची भीड' म्हणतात, तेही जवळ जाईल का?

जुनं खोड :
जाईल. पण भीड परक्याची असते, धाक घरच्याचा.

वाडीवरची :
काल वर्गात धाक सांगितला. पोरं गप्प झाली, मग एकेकाने आपापल्या घरातला धाकाचा माणूस सांगितला. बहुतेकांची आजी निघाली. वेटिंगवाल्या मुलाला भिंतीचं उदाहरण दिलं. तो म्हणाला, "म्हणजे प्लॅस्टर?" मी म्हटलं, आतली सळई. त्याचे बाबा बांधकामात आहेत, त्याला बरोबर कळलं.
आणि हो, सगळ्यांच्या आग्रहाखातर मी वेलांटीची चूक कळवली होती. आज नवी नोटीस लागली आहे. वेलांटी दीर्घ झाली. 'दृ'चा 'द्रु' झालाय.