सिंकवरून डीजे ठरवणाऱ्यांनो, आधी ग्रिड आणि गेन बघा

हळदवाला_पनवेल:
परवा इथे एक पोस्ट पडली. सार असं की जो सिंक बटण, म्हणजे दोन गाण्यांचा वेग आणि ठोका आपोआप जुळवणारं बटण, दाबतो तो डीजे नाहीच, कानाने बीट जुळवता येत नसेल तर कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून गाणी मिसळायचं मशीन) विकून टाका, आणि हल्ली लॅपटॉप उघडता आला की पोरं बॅनरवर नावापुढे डीजे लावतात. खाली सगळ्यांचं 'बरोबर बोललात दादा'. डोक्यातून जाईना म्हणून सविस्तर लिहितोय, कुणाला राग आला तर येऊ द्या.

हळदीत माणूस कसा वाजवतो ते आधी बघा. मांडवाच्या कोपऱ्यात टेबल, मागे जनरेटर, समोर नवरदेवाचे मामा मोबाईल पुढे करून 'हे लाव, हे लाव' करतायत, आणि एक गाणं दीड मिनिटाच्या वर गेलं की पब्लिक थंड. तेवढ्यात पुढचं गाणं शोधायचं, क्यूला घ्यायचं म्हणजे तयार ठेवायचं, हेडफोनात ऐकायचं, आवाज सारखा करायचा. गाण्याचा वेग सिंकवर सोडला की माझं लक्ष नाचणाऱ्यांवर राहतं. वेगाचा फेडर, म्हणजे सरकती कळ, हाताने सरकवला का बटण दाबलं हे पब्लिकला कळत नाही, ठेका तुटला की मात्र लहान पोराला पण कळतं.

आणि सिंक आयता चालत नाही. सॉफ्टवेअर गाण्यावर ग्रिड, म्हणजे ठोक्याठोक्याला एक रेघ, आखतं, सिंक त्या ग्रिडवर दुसरं गाणं आणून बसवतो. ग्रिड चुकली तर तो चुकीच्याच जागी नेऊन बसवणार. मिनिटाला ७५ ठोक्यांचं (७५ बीपीएम) गाणं १५० दाखवतो, तिथे हाताने निम्मं करायला लागतं. आपली बरीच कोळीगीतं सहा मात्रांच्या ठेक्यात, आणि सॉफ्टवेअर चारच्या हिशोबाने बार मोजतं, त्यामुळे चार बीटचा लूप टाकला, म्हणजे तेवढाच तुकडा फिरवत ठेवला, की ठेका मधेच कापला जातो आणि नाचणाऱ्याचा पाय हवेत. तिथे तीनचा किंवा सहाचा लूप घ्यावा लागतो. हे मी घरी बसून करतो, वेव्हफॉर्म (स्क्रीनवरचं आवाजाचं चित्र) झूम करून पहिला ठोका जिथे उठतो तिथे रेघ सरकवायची, मग शेवटच्या अंतऱ्यावर जाऊन बघायचं रेघ अजून ठोक्यावर आहे का सुटली. एकेका गाण्याला वेळ जातो. ही मेहनत स्टेजवर दिसत नाही म्हणून ती मेहनतच नाही असं कसं म्हणता?

कॅसेट_ते_कंट्रोलर:
ती पोस्ट माझीच. शिव्या खायची तयारी ठेवूनच टाकली होती.

तुम्हीच तुमचं उत्तर देऊन टाकलंत भाऊ. शेवटच्या अंतऱ्यात रेघ सुटते कारण जुनी गाणी माणसांनी वाजवलेली आहेत, क्लिकवर म्हणजे मशीनच्या टिकटिकीवर नाही. ढोलकीवाला रंगात आला की गाणं सुरुवातीपेक्षा वर जातं, हातभर पुढे पळतं. तिथे तुमची सरळ ग्रिड काय करणार? आणि मामाने आयत्या वेळी पेनड्राईव्हवर दिलेलं गाणं, ज्याचं अॅनालिसिसच झालेलं नाही, म्हणजे ग्रिडच आखलेली नाही? तेव्हा कानच लागतो. मी टेक्निक्सच्या एसएल-१२०० टर्नटेबलवर शिकलो, १९७२ पासूनचं मशीन, पिच फेडर म्हणजे तोच वेगाचा फेडर, वर ८ टक्के खाली ८ टक्के आणि बाकी सगळं कान आणि बोट. स्क्रीन नव्हती. एका कानात हेडफोन, एका कानात हॉल, आणि कुठलं गाणं पुढे पळतंय हे पोटात कळेपर्यंत उस्तादाने लोकांसमोर हात लावू दिला नाही. आजच्या पोराची स्क्रीन बंद केली की तो आंधळा. हे म्हणणं चूक असेल तर दाखवा.

मोरजी_नाईट्स:
मी गोव्यात क्लबात वाजवतो. कॅसेटदादा, सिंक सीडीजेवर (क्लबात असतो तो पेनड्राईव्हवरून वाजवायचा प्लेअर) २०१२ च्या नेक्सस मॉडेलपासून आहे, मोठमोठे लोक तेच मशीन वापरतात, कुणी दाबतो कुणी नाही, त्यावरून कुणाची लायकी काढत नाही.

माझी तक्रार वेगळीच आहे. नवीन पोरं वॉर्मअपला, म्हणजे माझ्याआधी वाजवायला येतात आणि पेनड्राईव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेला. जुने सीडीजे ते वाचत नाहीत. फॅट३२ करून, रेकॉर्डबॉक्स या डीजे सॉफ्टवेअरमधून एक्सपोर्ट मारून, दोन पेनड्राईव्ह सारखे भरून आणायचे, एवढी साधी गोष्ट. मागच्या सीझनला एकाचा सेट सुरूच होईना, त्याला मी माझा पेनड्राईव्ह दिला आणि तो माझ्याच क्रेटमधली (निवडून ठेवलेल्या यादीतली) गाणी माझ्याआधी वाजवून मोकळा झाला. मग मी काय वाजवू? आणि यूट्यूबवरून ओढलेली गाणी बंद करा रे. १२८ केबीपीएसच्या एमपीथ्रीत साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं उडालेलं असतं, ती ३२० ला कन्व्हर्ट केली तरी गेलेलं परत येत नाही, फाईल तेवढी जाड होते.

साउंडवाला_इचलकरंजी:
सिंक बिंक राहू द्या हो. मी साउंड भाड्याने देतो, टॉप (वरच्या आवाजाचे स्पीकर), बेस, अँप सगळं माझं, कर्जावर घेतलेलं. मला एकच सांगा, मिक्सरवर लाल लाईट लागली की हात मागे घ्यायचा हे किती डीजेंना शिकवलंय कोणी?

गेल्या लग्नसराईत एका वरातीला साउंड दिलं होतं. डीजे पोरगा चांगला, हात चांगला, बीट एकदम घट्ट, कानानेच जुळवत होता कॅसेटदादा, ऐकताय ना. पण गाण्यागाण्याला मास्टर, म्हणजे एकूण आवाजाची कळ, वर. जुनं गाणं हळू आवाजात भरलेलं असतं, नवीन गाणं ठोसून भरलेलं. हा जुन्याला मास्टर वाढवायचा आणि नवीन लागलं की खाली आणायचाच नाही. शेवटी लाल लाईट मिचकत पण नव्हती, कायमची लागून राहिली होती. मी टेम्पो गाडीवरून हात करतोय, तो मला अंगठा दाखवतोय. रात्री घरी येऊन टॉप उघडले तर दोन ड्रायव्हरची, म्हणजे स्पीकरच्या आतल्या आवाज काढणाऱ्या भागांची, कॉइल काळी पडलेली, जळका वास अजून येत होता. कोण भरणार? पार्टी म्हणते डीजेला विचारा, डीजे म्हणतो साउंड हलकं होतं.

टॉपबेस_सातारा:
साहेब राग मानू नका पण साउंडवाले नेहमी एकच बाजू सांगतात. तुम्ही अँप पूर्ण उघडून ठेवता का? लिमिटर, म्हणजे हद्दीवर आवाज अडवणारं, सेट केलेलं असतं का? आम्हाला मिक्सर मिळतो तो कुठल्या जमान्यातला, मीटरच्या अर्ध्या लाईट बंद. मग आम्ही बघणार काय? लिमिटर असता तर ड्रायव्हर जळलाच नसता.

साउंडवाला_इचलकरंजी:
लिमिटर होता. तेच तुम्हा लोकांना समजत नाही. लिमिटर फक्त लेव्हल बघतो. सिग्नल तुमच्या मिक्सरमध्येच चपटा झाला असेल, तर लेव्हल हद्दीत असली तरी तो चपटाच पुढे जाणार. कापलेल्या सिग्नलची सरासरी पॉवर वाढलेली असते, वरचे हार्मोनिक्स म्हणजे जास्तीचे तीक्ष्ण स्वर तयार होतात, आणि ते सगळं जातं कुठे, टॉपमधल्या हाय ड्रायव्हरला, ज्याच्या कॉइलची तार केसाएवढी. कॉइलला थंड व्हायला फुरसतच नाही. आणि '३ डीबीच तर वाढवला' म्हणता ना, ३ डीबी म्हणजे अँपला दुप्पट पॉवर मागितली. जुनं गाणं हळू असेल तर त्या चॅनलचा ट्रिम वाढवा, म्हणजे फक्त त्या गाण्याचा गेन, मास्टरला हात लावू नका. चॅनलचा मीटर गाण्याच्या सगळ्यात जोरातल्या जागी पिवळ्याला टेकला की बास. पब्लिक अजून मागतंय तर मला सांगा, मी अँपवरून देतो, माझ्याकडे असेल तर.

टॉपबेस_सातारा:
हे तुम्ही इथे लिहिताय, ऑर्डरच्या दिवशी किती जण सांगतात? साउंड उतरवायचं, वायर टाकायची आणि चहाला जायचं. मी विचारलं की मास्टर कुठे ठेवू, तर 'ठेव रे कुठे पण, भारी माल आहे'. मग जळलं की डीजेचं डिपॉझिट कापायचं. माझं कापलंय एकाने, बेसची कोन (स्पीकरचा पडदा) आधीच फाटलेली होती, मी पहिल्या गाण्याला ऐकली होती फर्रफर्र. पुरावा काय देणार मी? आम्ही बँकेचे हप्ते भरत नाही का?

साउंडवाला_इचलकरंजी:
सगळ्यांना एका माळेत ओवू नका. मी चहाला जात नाही, मी अँपजवळ उभा असतो.

चौथा_मजला:
माफ करा पण मला बोलायचंच आहे. तुमचे ड्रायव्हर जळतात त्याची काळजी, आमचे कान? आमच्या सोसायटीखालून मिरवणूक जाते तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात, घरात आजारी सासूबाई. २००० सालच्या नियमांत रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, आणि वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देता येते. हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे?

टॉपबेस_सातारा:
काकू आम्हाला सगळं माहीत असतं. पोलीस आले की साहित्य आमचं जप्त होतं, मंडळाचं नाही. 'अजून वाढव' म्हणणारा कार्यकर्ता तेव्हा गल्लीत सापडत नाही. आणि हा धागा त्याचा नाही.

चौथा_मजला:
काकू म्हणू नका. आणि धागा त्याचाच आहे, तुम्ही सगळे आवाज वाढवण्याबद्दलच बोलताय.

ती_डीजे_नाशिक:
ताईंचं म्हणणं धरून सांगते, कारण साउंडवाले दादा बोलतायत त्याचा संबंध थेट आहे. लाल लाईटमधला फाटका आवाज कानाला टोचतो, आणि फाटल्यामुळे बेस मोकळा लागत नाही म्हणून पब्लिक अजून वाढव म्हणतं, मग अजून फाटतो. स्वच्छ गेनवर तीच गाणी कमी आवाजात भरलेली वाटतात. नाचणाऱ्यांनी माझ्याकडे 'वाढव' म्हणायचं बरंचसं बंद केलं ते मी ट्रिम शिकल्यावर. ताई, यात तुमचा प्रश्न सुटत नाही, स्पीकरच्या भिंती उभ्या केल्यावर ५५ डेसिबलमध्ये कोणीच बसत नाही हे मला मान्य आहे.

आता कानवाल्या दादांना. वरातीत डीजे टेम्पो गाडीत मागे, स्पीकर पुढे तोंड करून. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे १७ मीटरवरच्या टॉपचा ठोका मला ५० मिलिसेकंद उशिरा येतो. १२० बीपीएमच्या गाण्यात दोन ठोक्यांमध्ये ५०० मिलिसेकंद असतात, म्हणजे दहावा हिस्सा गेला. हेडफोनातला ठोका त्या आवाजाशी कानाने जुळवला तर बाहेर घोडा पळाल्यासारखं ऐकू येतं. कान कितीही तयार असला तरी जवळ मॉनिटर, म्हणजे डीजेकडे तोंड केलेला स्पीकर, नसेल तर तो फसतो. म्हणून मी ऑर्डर घेताना आधी मॉनिटर मागते. आणि तो मागितला की मला काय ऐकावं लागतं माहितीये? 'ताई, तुमच्याबरोबर वाजवायला कोण येणार आहे?' मीच वाजवते हो. केबल पण मीच टाकते. लोक मिक्सिंग बघायच्या आधी माझ्या मागे भाऊ उभा आहे का ते बघतात, आणि मग पैसे ठरवताना त्याच्याशीच बोलायला बघतात. सिंक दाबला तर 'बघा, बाईला जमत नाही', नाही दाबला तर कोणाचं लक्ष नाही. कॅसेटदादा, तुमच्या पोस्टचा वापर असा पण होतो.

कॅसेट_ते_कंट्रोलर:
तुझ्याबद्दल तसं कोणी बोलत असेल तर तो मूर्ख आहे, माझ्या पोस्टच्या आडून बोलू नये. मॉनिटरचं बरोबर आहे. मॉनिटरशिवाय मी पण वाजवत नाही. पण मॉनिटर लावल्यावर ऐकणार कशाने? कानानेच ना.

हळदवाला_पनवेल:
दादा ढोलकीवालं तुमचं एक धरतो. जिथे गाण्याचा वेग पळतो तिथे मी पण सिंक सोडतो, जॉगला (कंट्रोलरवरच्या फिरत्या चकतीला) बोट लावून ढकलतो, किंवा सरळ एक छोटा लूप पकडून त्यावरून बाहेर पडतो. रेकॉर्डबॉक्समध्ये बदलत्या वेगासाठी डायनॅमिक अॅनालिसिस आहे पण तेही प्रत्येक गाण्याला लागत नाही. म्हणजे कान हवाच, मी नको म्हटलंच नव्हतं. पण ज्याला अजून जमत नाही त्याने विकून टाकावं हे मागे घ्या.

कॅसेट_ते_कंट्रोलर:
विकून टाका हा शब्द मागे घेतो, बाकी पोस्ट राहणार. शिकणाऱ्याने पहिले काही महिने सिंक बंद ठेवावा, बीपीएमच्या आकड्यावर कागद चिकटवावा, हे माझं मत मरेपर्यंत बदलणार नाही.

नवीन_आहे:
मी एक प्रश्न विचारू का? डीडीजे-एफएलएक्स४ कंट्रोलर घ्यायचा विचार आहे. जुना विंडोज लॅपटॉप आहे, मित्राच्या कंट्रोलरवर लावून बघितलं तर आवाज मधे मधे टकटक करतो आणि चार्जर लावला की घुं घुं येतं. लॅपटॉप बदलू का?

मोरजी_नाईट्स:
आधी बदलू नको. कंट्रोलरचा स्वतःचा सॉफ्टवेअर ड्रायव्हर टाक, सेटिंगमध्ये एएसआयओ (आवाज कमी उशिराने देणारा ड्रायव्हर) निवड. मग बफर बघ, म्हणजे लॅपटॉप आवाज किती साठवून मग सोडतो ते. ५१२ सॅम्पलला ४४.१ किलोहर्ट्झवर साधारण १२ मिलिसेकंद लागतात, हळद वाजवायला चालतं, स्क्रॅच करायचं असेल तर खाली आण. फार खाली नेलंस तर तीच टकटक परत येणार. वायफाय बंद, पॉवर हाय परफॉर्मन्सवर, यूएसबीचं पॉवर सेव्हिंग बंद.

साउंडवाला_इचलकरंजी:
घुं घुं अर्थिंगची. चार्जर काढल्यावर बंद होते का बघ, होत असेल तर ग्राउंड लूप आहे, म्हणजे दोन वेगळ्या अर्थिंगमधून घुसणारी घुं घुं. एफएलएक्स४ ला मास्टरचं आउटपुट फक्त आरसीए (लाल-पांढरी पिन), ती केबल लांब ओढू नकोस. टेबलावरच डीआय बॉक्स (घुं घुं अडवून सिग्नल लांब जाण्याजोगा करणारी डबी) ठेव, तिथून पुढे एक्सएलआर केबल. आणि काही झालं तरी प्लगची अर्थची पिन तोडू नकोस, जनरेटरवर ते जीवावर बेतू शकतं. कंट्रोलर आणि डीआय एकाच वेळी घे, डीआय नंतर घेऊ म्हणणारे कधी घेत नाहीत.

टॉपबेस_सातारा:
हे बरोबर सांगितलं. डिपॉझिटचं पण सांगा की साहेब.

साउंडवाला_इचलकरंजी:
सांगतो. गाडीतून उतरवलं की दोघांनी मिळून प्रत्येक टॉप, प्रत्येक बेस एकेक करून ऐकायचा, पार्टीच्या माणसासमोर मोबाईलवर व्हिडिओ. मास्टर कुठवर न्यायचा तिथे मी पांढऱ्या टेपची पट्टी लावतो. पट्टीच्या वर गेला तर तुमचं, पट्टीच्या खाली जळलं तर माझं. माझ्याकडे असंच चालतं.

टॉपबेस_सातारा:
लेखी देणार का तसं?

साउंडवाला_इचलकरंजी:
डीजे ऑर्डरच्या आधी येऊन साउंड चेक करत असेल तर देतो. वरात दाराशी आल्यावर पेनड्राईव्ह घेऊन धावत येणाऱ्याला नाही देणार.