विषय: मैत्रीण येतेय, अक्रातले बाजार आणि बीच – काय काय दाखवू?

नमस्कार मंडळी,

माझी कॉलेजची मैत्रीण जानेवारीत नाशिकहून येतेय, आठवडाभर. तिचं स्वतःचं कापडाचं दुकान आहे त्यामुळे मॉल वगैरे दाखवून भागणार नाही, तिने आधीच बजावलंय की मला बाजार दाखव आणि समुद्र दाखव, घरात बसवून पोहे खायला घालू नकोस. मी इथे घानात अजून नवीच, मकोला बाजार आत्तापर्यंत फक्त गाडीच्या काचेतून बघितलाय, आणि बीच म्हणाल तर एक लबाडी बीच माहीत (नावावरून आमच्या घरी रोज विनोद होतात, ते सोडा). अनुभवी लोकांनी प्लीज सांगा.

– ईस्ट लेगॉनहून

---

अगं, काचेतून मकोला दिसत नाही, फक्त ट्रॅफिक दिसतो!

सकाळी आठ-साडेआठला जा, गाडी लांबच सोड आणि चालत आत शीर. चपला नको, बंद बूट घाल कारण गटारं उघडी असतात. मागून कोणी 'आगू, आगू' ओरडलं की लगेच बाजूला व्हायचं, डोक्यावर भलंमोठं घमेलं घेऊन माल वाहणाऱ्या पोरी असतात त्या, कायायेई म्हणतात, बहुतेक उत्तरेकडून आलेल्या, आणि त्यांना तेवढ्या ओझ्यासकट थांबणं जमत नाही.

दुसरं म्हणजे नुसतं 'बघायला' जाऊ नका. काहीतरी घ्यायचं ठरवून जा. नुसत्या फिरणाऱ्या परक्या बाईला तिथे कोणी विचारत नाही आणि फोन काढून फोटो घेत सुटलीस तर बोलणी खाशील, ते बरोबरच आहे, त्या बायका माल विकायला बसल्यात. आधी गुड मॉर्निंग आंटी, कशा आहात, मग भाव. थेट 'हाऊ मच' म्हटलंस की भाव तिथेच चढला म्हणून समज. पैसे देताना-घेताना उजवाच हात, हे आपल्याला वेगळं शिकवायला नको.

मैत्रीण कापडवाली आहे तर तिला वॅक्स प्रिंटच्या गल्लीत सोड आणि विसर. हे कापड मुळात इंडोनेशियाच्या बाटिकवरून डच छपाईवाल्यांनी 19व्या शतकात यंत्रावर काढलं आणि ते खपलं मात्र इथे, पश्चिम आफ्रिकेत. बारा यार्डांचा पूर्ण पीस, सहाचा हाफ पीस. आणि प्रत्येक डिझाईनला नाव असतं, नावं बहुतेक विकणाऱ्या बायकांनीच पाडलेली. उडत्या पक्ष्यांचं एक आहे त्याला म्हणतात 'पैशाला पंख असतात', दुसरं एक 'चांगले मणी वाजत नाहीत'. नाव विचारलंस की आंटी खुलते, मग भाव पण जरा खाली येतो.

हा बाजार बायकांचाच आहे हे तिला नक्की सांग. प्रत्येक मालाची एक राणी असते, टोमॅटोची वेगळी, याम कंदाची वेगळी, आपापसातली भांडणं तीच सोडवते. 1924चा बाजार हा. 1979 मध्ये लष्करी राजवटीत इथला मकोला नंबर वन पार जमीनदोस्त केला, का तर म्हणे या बायका साठेबाजी करतात, महाग विकतात म्हणून महागाई. सगळ्या देशाची अर्थव्यवस्था बसली होती आणि राग निघाला टोमॅटोवालीवर. असो.

भाजीत फार घासाघीस करू नकोस, ढीग लावलेले असतात, वर दोन मिरच्या मागून घे, देतात. कोंटोमिरेची पानं दिसली तर सोडू नको, अळूच्याच भाऊबंदातली.

– ओसूची ताई

---

ताईंनी बाजार सांगितलाच आहे, मी समुद्राचं सांगतो.

लबाडीला तिकीट काढून जायचं, रविवारी ढोल, घोडे, स्पीकर सगळं आहे, एक संध्याकाळ ठीक आहे. पण खरी मजा कोक्रोबिटेला, अक्राच्या पश्चिमेला. सकाळी तिथे रापण ओढतात. हो, आपली कोकणातली रापण तीच, अर्धगोल जाळं, दोन्ही टोकांना माणसं, गाणं म्हणत ओढतात. फक्त मंगळवारी जाऊ नका. इथल्या गा जमातीच्या लोकांचा मंगळवार समुद्राचा सुट्टीचा दिवस, होडी पाण्यात जात नाही. अर्थात होड्या बघायच्या असतील तर मंगळवारच बरा, सगळ्या वाळूवर असतात, एकाच झाडाचं खोड कोरून केलेल्या, अंगावर रंगीत सुविचार.

पाण्यात गुडघ्यापुढे नको! इथला किनारा उघडा आहे, परतीच्या लाटेची ओढ जबरदस्त आहे, पोहता येणारेही आत ओढले जातात.

घानाच्याच किनाऱ्यावरच्या एल्मिनाला न्यायचं असेल तर तो दिवस वेगळा ठेवा. पोर्तुगीजांनी 1482 ला बांधलेला किल्ला, म्हणजे गोवा घेण्याच्या 28 वर्षं आधी, 1637 ला डचांनी जिंकला, आणि गुलाम बनवलेली माणसं इथल्याच तळघरांत कोंडून जहाजावर चढवत. खाली मासळी बाजार, वर ते. बघून झाल्यावर लगेच शॅकवर नारळपाणी-बियर असा प्लॅन आमच्याकडे आलेले पाहुणे करतात, मला ते जमत नाही.

– टेमावाले काका

---

मध्येच एक रुक्ष सूचना. मैत्रिणीला यलो फीव्हरची लस आत्ताच घ्यायला सांगा, प्रवासाच्या निदान 10 दिवस आधी, तीसुद्धा सरकारमान्य केंद्रावरच, गल्लीतल्या डॉक्टरकडे नाही. लस घेतल्याचं पिवळं कार्ड इथे उतरताना लागतं आणि भारतात परत जातानाही विचारतात, नसेल तर क्वारंटाइन. मलेरियाच्या गोळ्यांचं तिच्या डॉक्टरला विचारा. जानेवारीत हरमॅटन असतो, सहारातली धूळ, ओठ फुटतात, व्हॅसलीन आणा.

– स्पिंटेक्स रोड

---

मंडळी, ती गेली परवा, घर एकदम रिकामं वाटतंय, म्हणून वृत्तांत लिहिते.

मकोलात बाईसाहेबांनी पहिल्याच दुकानात कापड उलटं केलं, मागची बाजू पुढच्या इतकीच गडद आहे का बघितलं, मग काठावर छापलेलं कंपनीचं नाव वाचलं, मग कोपरा बोटात चोळला. आंटी हे सगळं गुपचूप बघत होती. काही न बोलता तिने तो गठ्ठा बाजूला सारला, खालून दुसरा काढला आणि बसायला स्टूल पुढे केलं!! त्यानंतर मला काही कामच उरलं नाही. दोघींची इंग्लिश निराळी पण उधारी न देणारी गिऱ्हाइकं, मापात चिंधी कमी देणारे व्यापारी, सगळं बोलून झालं. भाव उतरला तो उतरलाच, वर दोन यार्ड कापड फुकट.

कोक्रोबिटेला गुरुवारी गेलो. रापण ओढायला ती स्वतः लागली, मी चपला सांभाळत उभी. दोर ओला, वाळूने भरलेला, तळहात सोलवटले पण सोडेना. जाळं वर आलं तेव्हा त्यात मासे कमी आणि प्लास्टिकच्या पाण्याच्या पिशव्या जास्त, हे पण लिहायलाच हवं. तरी ओढणाऱ्यांना वाटा मिळतो तसा तिलाही मिळाला, मूठभर तारलीसारखे मासे. घरी रवा संपलेला, म्हणून गारी लावून तळले. गारी कसाव्याचीच, ज्या कंदाचा आपला साबुदाणा होतो त्याचीच, पण आंबवून भाजलेली, त्यामुळे कुरकुरीत पण आणि किंचित आंबट पण. रव्यापेक्षा छान लागतात, माझं ठाम मत.

एल्मिनाला काकांनी सांगितलं तसं दुसरं काही ठेवलं नाही त्या दिवशी. येताना गाडीत दोघी गप्प होतो.

ताई, कोंटोमिरेच्या दोन जुड्या फ्रिजमध्ये पडल्यात. फदफदं करताना खाजतं का हो ते?

---

नीट शिजवलंस तर नाही. पण चिंच घालच, आणि दाणे इथलेच घे, मस्त असतात.

– ओसूची ताई