साकेच्या तीन बाटल्या, त्यातली अर्धी मी उकळवली

वेंगुर्लेकर:
धाकटा भाऊ बोटीवर असतो. या खेपेला जपानच्या कोबे बंदरातून साकेच्या, म्हणजे तिथल्या तांदळाच्या दारूच्या, तीन बाटल्या घेऊन आला. साके गरम करून पितात एवढंच ऐकून होतो. म्हणून सगळ्यात महाग होती तीच, दायगिंजो, आधी फोडली आणि तांब्यात ओतून उकळत्या पाण्याच्या टोपात ठेवली. घरभर स्पिरिटचा वास. अण्णांनी एक घोट घेतला, पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "ह्येच्यापेक्षा आमची माडी बरी."
आता उरलीय ती अर्धी दायगिंजो, एक जुनमाई आणि एक निगोरी, नारळाच्या दुधासारखी पांढरी. रविवारी बांगडे आणणार आहे. कुठली कशी प्यायची? काजूच्या उर्राकासारखी लिमका घालून बघू का?

दापोलीचा परतलेला:
लिमका नको हो! सहा वर्षं ओसाकात काढली, तिथल्या शेजाऱ्यांना हे कळलं तर माझी इज्जत जाईल.
उर्राक, फेणी भट्टीवर काढतात, साके नुसती आंबवलेली. वाफवलेल्या तांदळावर कोजी नावाची बुरशी वाढवतात. ती पिठूळपणाची साखर करते आणि त्याच पिंपात यीस्ट त्या साखरेची दारू करतं. पंधरा-सोळा टक्के भरते, तेव्हा पेग मोजत बसू नका, छोट्या पेल्यातून प्या.
दायगिंजोचा तांदूळ इतका घासतात की दाणा निम्मा किंवा त्याहून कमी उरतो. पैसे त्याचेच. त्यातून येतो तो फळासारखा वास, आणि तोच तुम्ही उकळवून घालवलात. ती थंडच घ्या, जेवणाआधी, नुसती. जुनमाई म्हणजे तांदूळ, पाणी, कोजी, यीस्ट, वरून अल्कोहोल घातलेलं नाही. गरम करायची तर ही, चाळीस-पंचेचाळीस अंशांपर्यंत, तांब्याला हात लावता येईल इतपतच. कोबेची असेल तर बहुधा नादा भागातली. तिथलं पाणी जड, साके जरा करकरीत लागते. क्योतोतल्या फुशिमीचं पाणी हलकं, तिथली मऊ.
निगोरी जाड गाळलेली असते, म्हणून गढूळ. बाटली हळूच उलटीसुलटी करा, घुसळू नका. आणि भावाला लेबल दाखवा. 'नामा' असेल तर पाश्चराइझ केलेली नाही, फ्रीजबाहेर ठेवू नका.

मालवणची काकू:
मी पीत नाही, पण बांगड्याचं मी सांगते. जपानी लोक भाजलेल्या वामीवर सान्शो नावाचा मसाला भुरभुरतात, ते आपल्या तिरफळाचंच भावंड. तेव्हा तिरफळाचा बांगडा कर, वाटण बेताचं. सोलकढी मात्र नंतर दे बाबा, कोकमाच्या आंबटापुढे तुमची ती नाजूक बाटली कुठली टिकते!

वेंगुर्लेकर:
काल झालं सगळं. दायगिंजो थंड घेतली, पिकल्या पेरूसारखा वास आला. खरं सांगतो, आधी जे केलं त्याची लाज वाटली. पण बांगडा ताटात आल्यावर ती पाण्यासारखी लागायला लागली. कोमट जुनमाई मात्र बांगड्याच्या तेलाला पुरून उरली, आणि तिरफळाची जिभेवरची झिणझिण घोटागणिक लांबत गेली. स्वस्तातली बाटली जिंकली म्हणायची. अण्णांनी दुसऱ्यांदा पेला पुढे केला, माडीचं नाव काढलं नाही.
निगोरी 'नामा'च निघाली, फ्रीजमध्ये माशांच्या डब्याशेजारी उभी आहे. बाजारात तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, चांगल्या मिळाल्या की उघडतो.