टाक्यांमध्ये ढिगाने, तळ्यात नावालाच: ॲक्सोलॉटल धोक्यात कसा?

शंकासुर
मंडळी, एक प्रश्न डोक्यातून जात नाहीये. चित्रविचित्र आणि नामशेष व्हायला टेकलेल्या प्राण्यांची कुठलीही यादी काढा, ॲक्सोलॉटल त्यात असतोच. तोच तो, मेक्सिकोतला पाण्यात राहणारा सॅलॅमँडर (बेडकाच्या गोतातला, पालीसारख्या शेपटीचा), गुलाबी, हसऱ्या तोंडाचा, मानेशी पिसांसारखे कल्ल्यांचे झुबके असलेला. पण हा जगभर प्रयोगशाळांत आणि हौशी लोकांच्या टाक्यांत भरपूर आहे. ज्याची पैदास इतकी सहज होते तो 'अति-संकटग्रस्त' कसा? दोन-चार हजार पिल्लं नेऊन तळ्यात सोडली की विषय संपला, नाही का? प्रत्यक्ष हाताळलेलं कुणी असेल तर लिहा.

पाणमांजर
मी बरीच वर्षं एका प्रयोगशाळेत यांच्या टाक्या सांभाळल्या, म्हणून लिहिते. लांबेल जरा.

गुलाबी ॲक्सोलॉटल हा टाकीतलाच प्रकार समजा. निसर्गातला काळपट-तपकिरी असतो, तळाच्या चिखलात पडून राहिला तर दिसतसुद्धा नाही. 1860च्या दशकात मेक्सिकोहून पॅरिसला 34 जनावरं नेली होती. त्यांतल्या मोजक्यांपासून प्रयोगशाळांतला बहुतेक गोतावळा वाढलाय, आणि त्यात पुढे टायगर सॅलॅमँडर या जवळच्या नातेवाईक जातीचा संकरही झाला. म्हणजे टाकीतले लाखो म्हणजे तळ्यातलेच लाखो असं गणित होत नाही.

पिल्लं दाटीत ठेवली की एकमेकांचे पाय तोडतात. राग वगैरे काही नसतो, समोर हललं ते तोंडात, इतकंच. सकाळी एखादं तीन पायांवर दिसलं की आम्ही त्याला वेगळ्या भांड्यात काढायचो. जखम पटकन बुजते, मग तिथे बारीक फुगवटा येतो, तो वल्ह्यासारखा चपटा होतो आणि त्याला एकेक बोट फुटायला लागतं. हाड, स्नायू, नसा, सगळं परत. पूर्ण वाढल्यावर नवा पाय कुठला हे मलाही सांगता यायचं नाही.

आणि पाय परत उगवणारा हाच प्राणी, पाणी जरा कोमट झालं की खाणं टाकतो आणि कल्ल्यांची टोकं पुढे वळवून बसतो. उन्हाळ्यात आमचा अर्धा जीव थर्मामीटरमध्ये अडकलेला असायचा.

आता त्याचं घर. मेक्सिको सिटीच्या दक्षिणेला सोचिमिल्कोचे कालवे, जुन्या सरोवराचं उरलेलं पाणी. नैसर्गिक अधिवास म्हणावा असा तेवढाच शिल्लक. शहराचं सांडपाणी त्यात येतं. शिवाय लोकांना खायला मासे मिळावेत म्हणून तिथे कार्प आणि तिलापिया सोडले गेले, आणि ते अंडी-पिल्लं फस्त करतात. 1998 साली तिथे चौरस किलोमीटरला सुमारे 6000 ॲक्सोलॉटल असल्याचा अंदाज होता. 2008 पर्यंत तो 100 पर्यंत घसरला.

शंकासुर
हे झकास. पण मग टाकीतले सोडले तर जगतात की नाही, ते राहिलंच.

पाणकावळा
पैदास करून वाचवता येतं हेच मुळात भाग्य आहे. व्हाकिटा बघा. मेक्सिकोच्या कॅलिफोर्नियाच्या आखातातला हा इवलासा पॉरपॉइझ, म्हणजे डॉल्फिनच्या नात्यातला, हवेत श्वास घेणारा प्राणी, जेमतेम दीड मीटर, डोळ्याभोवती काळं वर्तुळ. 2017 साली उरलेसुरले पकडून सुरक्षित तलावात ठेवायचा प्रयत्न झाला. एक पिल्लू इतकं बिथरलं की सोडून द्यावं लागलं, आणि नंतर पकडलेली मादी मेलीच. मोहीम तिथेच थांबवली. व्हाकिटाची शिकार कुणी करतही नाही, टोटोआबा माशासाठी लावलेल्या गिलनेटमध्ये (पाण्यात उभी ताणलेली जाळी) तो गुदमरतो. त्या माशाच्या हवेच्या पिशवीला चीनमध्ये प्रचंड भाव आहे. आता दहाच्या आसपास उरलेत. जाळी काढा, दुसरा उपाय नाही.

आडवाटेचा
+1. पण काकापोचं उदाहरण उलट आहे. न्यूझीलंडचा न उडणारा, निशाचर, गलेलठ्ठ पोपट. धोका जाणवला की जागच्या जागी गोठतो. वरून नजरेने हेरणाऱ्या शिकारी पक्ष्यांपुढे ते खपून जायचं, वासावर येणाऱ्या मांजर-स्टोटपुढे (स्टोट म्हणजे मुंगसासारखा छोटा शिकारी) नाही. 1995 साली 51 पक्षी होते, 2022 मध्ये 250च्या वर गेले. शिकारी प्राणी काढून टाकलेल्या बेटांवर त्यांना मोकळं ठेवलंय आणि घरट्यांवर पहारा असतो. तिथल्या रिमू नावाच्या झाडांना भरपूर फळ धरलं तरच मादी अंडी घालते, त्यामुळे घाई करून उपयोग नाही.

पाणमांजर
शंकासुर, जगतात. 2025 साली आलेल्या एका अभ्यासात टाकीत वाढलेल्या 18 ॲक्सोलॉटलना ट्रान्समीटर लावून दोन जागी सोडलं होतं: सोचिमिल्कोतल्या एका सुधारलेल्या कालव्यात आणि शहरातल्याच एका कृत्रिम पाणथळीत. पाठलाग चालू होता तोवर सगळे जिवंत होते, आणि परत सापडलेल्यांचं वजन वाढलेलं होतं. म्हणजे आयतं खाऊन मोठे झालेले शिकार विसरले नव्हते. नंतर दोघांना बगळ्यांनी खाल्लं. बगळ्यांचा काय दोष.

पण 'सुधारलेल्या' हा शब्द सोडू नका. तिथल्या चिनांपा (उथळ पाण्यात गाळ-मातीची भर घालून केलेले शेताचे तुकडे) कसणाऱ्या शेतकऱ्यांनी आणि विद्यापीठाच्या संशोधकांनी मिळून कालव्यांची तोंडं गाळण्यांनी बंद केलीत, म्हणजे पाणी आत येतं, तिलापिया येत नाही. असा एकेक कालवा तयार होईल तेवढेच सोडता येतील. तुमचे दोन-चार हजार आज ओतले तर ते माशांचं जेवण.

शंकासुर
आणि एखाद्या हौशी माणसाने आपल्या टाकीतला नेऊन सोडला तर?

पाणमांजर
अजिबात नको. एक तर संकराचं रक्त, आणि दुसरं म्हणजे कायट्रिड बुरशी. बेडकांच्या कित्येक जाती तिने संपवल्यात, आणि ॲक्सोलॉटल वरून ठणठणीत दिसत असतानाही ती अंगावर बाळगू शकतो. टाकीतलं पाणीसुद्धा तळ्या-ओढ्यात ओतू नये.